वाय-फाय मंद का पडते?

घरातले इंटरनेट लॅपटॉपच्या पडद्यावर येण्याआधी दोन टप्पे पार करते. पहिला टप्पा इंटरनेट कंपनीच्या केंद्रापासून घरातल्या राउटरपर्यंतचा. शहरांत आणि आता बऱ्याच तालुक्यांच्या गावीही तो काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून होतो. दुसरा टप्पा राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा. तो जेमतेम आठ-दहा मीटरचा असतो आणि हवेतून जातो. महिन्याचे बिल पहिल्या टप्प्यासाठी येते, वेग मात्र पुष्कळ घरांत दुसऱ्या टप्प्यात गळतो. व्हिडिओ अडकला, गोल फिरत राहिले, मीटिंगमध्ये समोरच्याचा आवाज तुटायला लागला, की सगळ्यात आधी सुचतो तो मोठा प्लॅन घेण्याचा उपाय. हा क्रम उलटा आहे. गळती त्या आठ मीटरच्या हवेत असेल तर शंभरचा प्लॅन तीनशेचा केल्याने बिल तेवढे वाढते आणि आतल्या खोलीतला वेग होता तिथेच राहतो. त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवणे हे पहिले काम. ते घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता करता येते.

त्याआधी आकड्यांचा हिशेब स्पष्ट असायला हवा. प्लॅनमधला '१०० एमबीपीएस' हा आकडा सेकंदाला १०० मेगाबिटचा आहे, मेगाबाइटचा नाही. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून फाइल उतरवताना १०० एमबीपीएसचा प्लॅन सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट देतो. एक जीबीचा चित्रपट उतरायला दीड मिनिटाच्या आसपास लागला तर नेट मंद नाही, ठणठणीत आहे. उलट बाजूने पाहिले तर रोजच्या कामाला लागणारा वेग लोक समजतात त्याहून बराच कमी असतो. फुल एचडी चित्रपटाला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के चित्रपटाला १५ ते २५, आणि व्हिडिओ कॉलला दोन-चार. सरकारी व्याख्येनुसार जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणतात. त्याआधी हीच मर्यादा ५१२ केबीपीएस होती.

वेगाशिवाय आणखी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे विलंब. लॅपटॉपने पाठवलेला संदेश सर्व्हरकडे जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले, हा तो आकडा. स्पीड टेस्टमध्ये तो 'पिंग' या नावाने दिसतो. मीटिंगमधला आवाज तुटतो तेव्हा कित्येकदा वेग भरपूर असतो, पण विलंब एकसारखा नसतो: एक उत्तर २० मिलिसेकंदांत येते, पुढचे ३०० मध्ये, त्यानंतरचे येतच नाही. चित्रपट पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवतो, म्हणून त्याला हे सोसते. बोलण्याला सोसत नाही. 'चित्रपट नीट चालतो, पण ऑनलाइन क्लास अडकतो' ही तक्रार आली की संशय वेगावर नव्हे, विलंबावर घ्यायचा.

दोष कुठल्या टप्प्यात?

सर्वात खात्रीची तपासणी तारेची आहे. राउटरच्या मागे सहसा पिवळ्या रंगाची किंवा 'लॅन' लिहिलेली पोर्ट असतात. त्यांतल्या एकातून लॅन केबल थेट लॅपटॉपला लावायची, वाय-फाय बंद करायचे आणि स्पीड टेस्ट घ्यायची. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपांना लॅन पोर्ट नसते. यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो चालतो. तारेवर प्लॅनइतका वेग आला तर कंपनीचा टप्पा निर्दोष आहे आणि दोष घरात आहे. तारेवरही वेग मिळाला नाही, तर राउटरची जागा हलवून किंवा लॅपटॉपच्या सेटिंग बदलून उपयोग नाही.

तार हाताशी नसेल तर पिंगने काम भागते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून 'पिंग' हा शब्द आणि त्यापुढे राउटरचा पत्ता इंग्रजीत टाइप करायचा. हा पत्ता राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. या आज्ञेने लॅपटॉप राउटरला चार वेळा हाक देतो आणि प्रत्येक उत्तराला किती वेळ लागला ते एकाखाली एक दाखवतो. राउटरच्याच खोलीत बसून केले तर २, ३, २, ४ असे मिलिसेकंद दिसावेत. मागच्या बेडरूममध्ये दार लावून तेच केल्यावर ५, १८०, १२ आणि शेवटी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असे आले, तर गुन्हेगार सापडलाच: संदेश अजून घराबाहेर पडलेलाही नाही आणि वाटेत अडखळतो आहे. आता हाच प्रयोग बाहेरच्या पत्त्यावर करायचा. त्यासाठी गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता सोयीचा आहे. राउटरकडून येणारी उत्तरे झटपट आणि सारखी, पण बाहेरची उत्तरे वेडीवाकडी, असे दिसले तर दोष कंपनीच्या टप्प्यात आहे. चार हाका पुरेशा वाटत नसतील तर पत्त्यापुढे जागा सोडून '-टी' जोडायचे. मग थांबवेपर्यंत हाका चालू राहतात आणि दोन-तीन मिनिटांत खरे चित्र दिसते.

दोष कंपनीच्या टप्प्यात निघाला तर घरच्या माणसाच्या हातात फार थोडे असते. फायबर ज्या डबीत शिरते तिच्यावरचा 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल तर प्रकाशच पोचत नाही. तार कुठेतरी तुटलेली किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर, खिडकीच्या फटीत काटकोनात मुडपलेली असते. दिवा लाल नसतानाही प्रकाश क्षीण असू शकतो. तंत्रज्ञ तो छोट्या मीटरने मोजतो. घरगुती जोडणीत हा आकडा साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान हवा, आणि तो उणे २७ च्या काठाला आला असेल तर पावसाळ्यात जोडणी तुटत-जोडत राहते. दुसरे कारण प्लॅनच्या अटींमध्ये असते. 'अमर्यादित' म्हणून विकलेल्या योजनांनाही महिन्याच्या वापराची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग एकदम दोन-चार एमबीपीएसवर येतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट मंदावत असेल तर कंपनीच्या ॲपवर वापर पाहावा. तिसरे कारण गर्दीचे. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान अख्ख्या परिसराचा भार एकाच वाहिनीवर येतो. तक्रार करताना तारेवर घेतलेल्या स्पीड टेस्टची चित्रे वेळेसकट दाखवावीत. वाय-फायवरचा आकडा दाखवला की 'तुमच्या घरातला प्रश्न आहे' असे उत्तर मिळते आणि ते चूक म्हणता येत नाही.

हवेतली गर्दी

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. नवी उपकरणे ६ गिगाहर्ट्झवरही चालू शकतात, पण आज मराठी घरांतल्या बहुतांश तक्रारी पहिल्या दोघांतच मिटतात. २.४ चा पट्टा जुना आणि अरुंद आहे, अवघा ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात भारतात १३ चॅनल वापरता येतात, पण ती एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर असतात आणि प्रत्येक राउटरचा सिग्नल किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणजे शेजारच्या चॅनलांचे सिग्नल एकमेकांवर चढलेले असतात. १, ६ आणि ११ ही तीनच चॅनल एकमेकांना न चिकटता एकत्र नांदू शकतात. ठाण्या-पुण्याच्या एखाद्या सोसायटीत मजल्यावर चार फ्लॅट असतील, तर वरचे, खालचे आणि समोरच्या विंगचे धरून वीस-पंचवीस राउटर या तीन जागांसाठी भांडत असतात. लॅपटॉपवर वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांच्या नावांची जी लांबलचक रांग दिसते, ती म्हणजे ही गर्दी.

वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीची हवा मोकळी व्हायची वाट पाहतात, आणि शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर त्याच्यासाठीही थांबतात. म्हणून काही जण मुद्दाम ३ किंवा ८ असे मधले चॅनल निवडतात. त्याने परिस्थिती बिघडते. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आळीपाळीने वापर करतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचे बोलणे कळत नाही, ते नुसता गोंगाट होऊन आत शिरते आणि संदेश पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. फोनवरच्या वाय-फाय ॲनालायझर प्रकारच्या ॲपमध्ये १, ६, ११ यांपैकी कुठे कमी आणि क्षीण सिग्नल आहेत ते दिसते. राउटरच्या सेटिंगमध्ये तेच चॅनल ठरवावे आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. दाट वस्तीत ४० ची रुंदी म्हणजे दुप्पट शेजाऱ्यांशी गाठ.

याहून चांगला उपाय म्हणजे २.४ सोडून ५ गिगाहर्ट्झवर जाणे. भारत सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातली एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना वापरासाठी खुली केली. २.४ च्या मानाने ही जागा सातपट आहे. शिवाय ५ चा सिग्नल भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतो, त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर आपल्या घरात फारसे ऐकू येत नाहीत. याच गुणामुळे तो आपल्याही मागच्या खोलीत कमी पोचतो, एवढी त्याची मर्यादा.

लॅपटॉप कोणत्या पट्ट्यावर आहे हे पाहायला विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'वाय-फाय' आणि पुढे चालू नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज' उघडायच्या. तिथे खाली नेटवर्क बँड, चॅनल आणि लिंक स्पीड या तीन ओळी असतात. ॲपलच्या मॅकवर ऑप्शनची कळ दाबून ठेवून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की हीच माहिती दिसते. यांतला लिंक स्पीड हा आकडा या सगळ्या शोधाचा गाभा आहे. लॅपटॉप आणि राउटर या घटकेला एकमेकांशी कमाल किती वेगाने बोलायला तयार आहेत, ते तो सांगतो. आणि प्रत्यक्षात हाती पडणारा वेग त्याच्या साधारण निम्मा असतो, कारण उरलेला वेळ पोच देण्यात, थांबण्यात आणि हरवलेले पुन्हा पाठवण्यात जातो.

हा आकडा ७२ दिसला तर समजावे की लॅपटॉप २.४ वर, एकाच अँटेनाने, २० मेगाहर्ट्झच्या रुंदीवर बोलतो आहे. त्याला ३५-४० एमबीपीएस मिळाले तरी भाग्य. त्या घरात २०० चा प्लॅन असला काय आणि ५०० चा असला काय, या लॅपटॉपला फरक पडणार नाही. १४४ म्हणजे दोन अँटेना. ४३३ किंवा ८६६ दिसले तर तो ५ वर आहे, आणि १२०१ म्हणजे वाय-फाय ६ ची जोडी दोन्ही बाजूंना आहे. राउटरच्या खोक्यावर छापलेल्या '१२००' शी मात्र याची गल्लत करू नये. तिथे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून आकडा गोल केलेला असतो. लॅपटॉप सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असल्यामुळे ती बेरीज त्याला मिळत नाही.

लॅपटॉपचे कार्ड ५ गिगाहर्ट्झला सक्षम असूनही तो २.४ वर अडकून पडणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. पुष्कळ राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि निवड उपकरणावर सोडतात. लॅपटॉप चालू करताना मागच्या खोलीत होता, तिथे २.४ चा सिग्नल जोरदार वाटला, तो जोडला गेला. पुढे हॉलमध्ये राउटरसमोर आणला तरी तो तिथेच चिकटून राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत आणि लॅपटॉपवरून २.४ चे नाव 'फर्गेट' करावे. एवढ्या एका बदलाने लिंक स्पीड ७२ वरून ४३३ वर गेल्याचे पुष्कळदा दिसते. त्याच सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार पाहून घ्यावा. तिथे 'डब्ल्यूईपी' किंवा 'टीकेआयपी' असे जुने पर्याय निवडलेले असतील तर नियमानेच वेग ५४ च्या वर जात नाही. 'डब्ल्यूपीए२' सोबत 'एईएस', किंवा 'डब्ल्यूपीए३', हे योग्य.

एक मंद उपकरण सगळ्या घराचा वेग खाते, हेही इथेच सांगायला हवे. फाटकावरचा कॅमेरा किंवा गच्चीवर नेलेला जुना फोन क्षीण सिग्नलमुळे ६ एमबीपीएसने बोलत असेल, तर तेवढाच मजकूर पाठवायला तो ७२ वाल्या लॅपटॉपच्या बारापट वेळ हवा अडवून धरतो. अशा उपकरणांना २.४ वर ठेवून लॅपटॉप ५ वर नेला की दोघांचीही अडचण सुटते.

राउटरची जागा

फायबरवाला राउटर दाराशी लावून जातो, कारण तिथवर तार आखूड लागते. दार घराच्या एका टोकाला, लॅपटॉपचे टेबल दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सगळे घर. सिग्नलची ताकद डीबीएम या उणे आकड्यात मोजतात आणि फोनवरच्या ॲपमध्ये ती दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धोक, उणे ७५ च्या पुढे रडतखडत. या मापात तीन अंक घटले की ताकद निम्मी होते आणि दहा घटले की दशांश. त्यामुळे उणे ६५ आणि उणे ७५ हे आकडे दिसायला जवळचे असले तरी त्यांच्यात दहापटीचे अंतर आहे.

विटांची अर्धी भिंत सिग्नलला फारशी अडवत नाही. सळया घातलेली काँक्रीटची भिंत, लिफ्टचा खड्डा आणि बाथरूमच्या फरशा-नळ मात्र अडवतात. जुन्या वाड्यांच्या हातभर जाडीच्या भिंती आणि कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरांत तर ५ गिगाहर्ट्झ शेजारच्या खोलीतही नीट जात नाही. भिंतींखालोखाल धातू आणि पाणी. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी किंवा टीव्ही राउटर आणि लॅपटॉप यांच्या सरळ रेषेत आला की तेवढ्याने हा आकडा दहा अंकांनी घटू शकतो. राउटर टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात किंवा माळ्यावर सामानात कोंबून ठेवण्याची पद्धत नेटकी दिसत असेल, पण वेगाच्या दृष्टीने ती वाईटच. राउटर घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीला आणि उघड्यावर असावा. फायबरची तार छताच्या कडेने पाच-सात मीटर आत आणून द्यायला तंत्रज्ञाला सांगावे. लहानसे काम आहे, आणि बहुतेक घरांत सगळ्या उपायांत हेच जास्त फळ देते.

बाहेर आलेल्या अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवाव्यात. उभ्या दांडीचा सिग्नल तिच्याभोवती मेदूवड्याच्या आकारात पसरतो: आडव्या पातळीत भरपूर, आणि दांडीच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ नाही. वरच्या मजल्यावर सिग्नल हवा असेल तर एक अँटेना आडवी करून पाहावी.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींशी मिळतात तेव्हा खोलीत जागोजागी जोरदार आणि क्षीण ठिपके तयार होतात, आणि दोन ठिपक्यांमधले अंतर काही सेंटिमीटरच असू शकते. म्हणून टेबलावरचा लॅपटॉप नुसता वीतभर सरकवला किंवा थोडा फिरवला तरी वेग बदलतो. लॅपटॉपच्या अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात. पडदा धातूच्या कपाटाला टेकवून बसण्याची सवय त्यामुळे मोडलेली बरी.

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या दारातून होणारी किंचित गळती माणसाला निरुपद्रवी असते, पण वॉटच्या दहाव्या भागाच्या ताकदीने बोलणाऱ्या राउटरपुढे ती मोठी ठरते. दूध तापवायला लावले की तेवढी दोन मिनिटे कॉल तुटतो, हे त्याचे लक्षण. ब्लूटूथचे हेडफोनही याच पट्ट्यात येतात. सगळ्यात कमी संशय जातो तो यूएसबी ३ वर. बाहेरून लावलेली हार्ड डिस्क आणि तिची तार चालू असताना २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्क काढल्याबरोबर वेग परत आला, तर ती लॅपटॉपपासून लांब ठेवावी. ५ वर गेल्यास यांपैकी कशाचाच त्रास राहत नाही.

लॅपटॉपमधले दोष

एकाच खुर्चीत बसून फोनवर आणि लॅपटॉपवर पाठोपाठ स्पीड टेस्ट घ्यावी. दोघेही एकाच पट्ट्यावर आहेत याची आधी खात्री करावी, नाहीतर तुलना फसते. फोनवर ८० आणि लॅपटॉपवर १० आले तर लॅपटॉप उघडून पाहायची वेळ आली.

पहिले पाहावे ते पाठीमागे काय चालू आहे ते. टास्क मॅनेजरमध्ये 'नेटवर्क' या स्तंभावर क्लिक केले की जास्त नेट खाणारे प्रोग्रॅम वर येतात. विंडोजचे अपडेट, वनड्राइव्हसारख्या सेवेत चढणारे फोटो, गेमचे अपडेट यांतले एखादे तिथे हमखास सापडते. विंडोज इतर संगणकांनाही आपल्याकडचे अपडेट पुरवू शकते. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या नावाची ती सोय बंद करता येते. कामासाठी घेतलेले व्हीपीएन चालू राहिले असेल तर सगळी वाहतूक दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येते. आणि चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीस टॅब उघडे असतील तर मंद चालतो तो लॅपटॉप, नेट नव्हे. स्पीड टेस्ट चांगली येऊनही पाने हळू उघडणे ही त्याची खूण.

अपलोडचा एक परिणाम मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. फोटो वर चढत असताना साधे पानही उघडेनासे होते, असा अनुभव पुष्कळांना येतो. वर जाण्याची वाट भरली की राउटर जादा मजकूर रांगेत साठवतो, आणि पान मागणारा छोटासा संदेश त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. उतरवण्याची वाट मोकळी असूनही मागणीच वेळेवर पोचत नाही. फास्ट डॉट कॉमवर चाचणीनंतर जादा माहिती उघडली की रिकाम्या आणि भरलेल्या जोडणीचा विलंब वेगवेगळा दिसतो. पहिला १५ आणि दुसरा ४०० असेल तर दुखणे हेच. फोटो चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अपलोडला मर्यादा घालणे किंवा राउटरमध्ये वाहतुकीचा प्राधान्यक्रम ठरवणारे 'क्यूओएस' चालू करणे हा यावर उपाय.

वीज वाचवण्याची सेटिंग हे दुसरे ठिकाण. बॅटरीवर चालताना लॅपटॉप वाय-फाय कार्डला मधूनमधून झोपवतो. चार्जर लावल्यावर वेग वाढत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली खूण काढावी. तिथेच इंटेलच्या कार्डांना 'प्रिफर्ड बँड' हा पर्याय असतो; त्यात ५ गिगाहर्ट्झला पसंती देता येते. कार्डाचा ड्रायव्हर जुना असेल तर तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. पान उघडायला सुरुवातीलाच वेळ लागत असेल आणि मग ते भराभर उतरत असेल, तर संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा मंद आहे, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तिच्या पत्त्याच्या जागी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहून पाहावे. हे सगळे करून भागले नाही तर 'नेटवर्क रीसेट'. त्याने साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

कार्डच फक्त २.४ चे असेल तर सेटिंगने काही होणार नाही. पुष्कळ लॅपटॉपांत ते छोटे, एका स्क्रूने बसवलेले असते आणि बदलता येते. काहींत मदरबोर्डवर पक्के जोडलेले असते. अशा वेळी दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी अडॅप्टर हा स्वस्त मार्ग.

रिपीटर, मेश आणि तार

राउटर मध्यात आणूनही एक खोली कोरडी राहिली तर बाजारात रिपीटर मिळतो. तो कोरड्या खोलीतच लावण्याची चूक सर्रास होते. तिथे त्यालाच सिग्नल नसतो, तर तो पुढे काय देणार? तो अर्ध्या वाटेवर लावावा लागतो. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर बोलणारा रिपीटर वेग निम्मा करतो, कारण प्रत्येक संदेश हवेतून दोनदा जातो. एकमेकांशी जोडून काम करणाऱ्या राउटरांच्या संचाला मेश म्हणतात; त्यातले महागडे प्रकार यासाठी वेगळा पट्टा राखून ठेवतात.

दोन्हींपेक्षा तार चांगली. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग निर्विघ्न नेते. ती कोरड्या खोलीपर्यंत ओढून तिथे जुना राउटर लावता येतो. फक्त त्याचे उपकरणांना पत्ते वाटणारे 'डीएचसीपी' बंद करायचे आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घालायची. टेबल एकाच जागी असेल तर लॅपटॉपलाच केबल लावावी, हवेचा प्रश्नच मिटतो. केबलच्या टोकाला आठही तारा नीट दाबल्या आहेत की नाही ते बघून घ्यावे. चारच जोडल्या असतील तर केबल चालते, पण १०० च्या पुढे जात नाही.

तारेवर प्लॅनइतका वेग येतो, बेडरूममध्येही ५ गिगाहर्ट्झवर जवळपास तेवढाच मिळतो, आणि तरी संध्याकाळी दोन टीव्ही, एक ऑनलाइन क्लास आणि एक मोठे अपडेट एकदम चालू झाले की सगळे रखडते, तेव्हा मात्र प्लॅन खरोखर अपुरा आहे आणि तो वाढवावा. वाढवण्याआधी राउटरची लॅन पोर्ट गिगाबिटची आहेत का, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. 'फास्ट इथरनेट' लिहिले असेल तर प्रत्येक पोर्टची मर्यादा १०० एमबीपीएस आहे. फायबरची डबी आणि राउटर वेगवेगळे असून मधली केबल अशाच पोर्टमध्ये असेल, तर नव्या प्लॅनचे ३०० त्या डबीपर्यंत येतील आणि घराला शंभरच मिळतील.